लोकमान्यता आणि काळाचा निवाडा : टेलेमान-बाख प्रकरणाचा फेरविचार

१

कलावंताला हयातीत लाभलेली मान्यता आणि मृत्यूनंतर त्याच्याविषयी रूढ झालेले मत यांत अंतर पडते, ही कलांच्या इतिहासातील नवी गोष्ट नाही. या अंतराचा अर्थ लावताना मात्र बहुधा एक ठरीव कथा सांगितली जाते. समकालीनांची दृष्टी रूढ अभिरुचीने मंदावलेली असते, त्यामुळे ते सामान्याला डोक्यावर घेतात आणि असामान्याकडे पाठ फिरवतात. पुढे काळ आपला निवाडा देतो आणि ज्याला त्याला त्याचे योग्य स्थान प्राप्त होते, अशी ही कथा आहे. तिच्यात काळ हा निःपक्षपाती न्यायाधीश मानलेला असतो. हा न्यायाधीश कोणते पुरावे पाहतो, कोणते पाहत नाही आणि त्याच्यासमोर ते कोण मांडतो, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इतिहासात या कथेचे सर्वांत परिचित उदाहरण गेओर्ग फिलिप टेलेमान (१६८१–१७६७) आणि योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) यांचे आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनभाषक प्रदेशात टेलेमानची कीर्ती बाखपेक्षा निःसंशय मोठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलेमान हे नाव उथळ विपुलतेचे निदर्शक बनले होते, तर बाख हा युरोपीय संगीताचा पाया मानला जात होता. समकालीनांची चूक आणि काळाने केलेली दुरुस्ती अशी या घटनेची मांडणी वारंवार केली गेली आहे. ती तपासून पाहिल्यास वेगळेच चित्र दिसते. दोन काळांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली असे येथे झालेले नाही. त्यांचे प्रश्नच निराळे होते, आणि दुसऱ्या काळाच्या हाती पहिल्या काळाच्या पुराव्यातील मोठा भाग आलेलाच नव्हता.

२

या प्रकरणात लाइप्झिग येथील कॅन्टरपदाची हकिगत आवर्जून सांगितली जाते. जून १७२२ मध्ये योहान कुनाऊ मरण पावला आणि सेंट थॉमस शाळेतील कॅन्टरची जागा रिकामी झाली. नगरपरिषदेने इच्छुकांमधून टेलेमानची निवड केली. तो त्या वेळी हांबुर्ग येथे पाच प्रमुख चर्चच्या संगीताचा संचालक होता. हांबुर्गने त्याचे वेतन वाढवले आणि त्याने लाइप्झिगचे पद नाकारले. त्यानंतर क्रिस्टोफ ग्राउपनरचा विचार झाला, पण डार्मश्टाटच्या लांडग्राफने त्याला सेवेतून मुक्त केले नाही. अखेरीस २२ एप्रिल १७२३ रोजी बाखची निवड झाली. दरम्यान एका सभासदाने, उत्तम माणूस मिळत नसेल तर मध्यमावर भागवावे लागेल, अशा आशयाचे उद्गार काढल्याची नोंद परिषदेच्या इतिवृत्तात आहे. पुढील काळाने हे वाक्य बाखच्या समकालीनांच्या अंधत्वाचा पुरावा म्हणून वापरले.

वाक्याचा संदर्भ पाहिला तर हा पुरावा तितकासा भक्कम राहत नाही. परिषदेत दोन पक्ष होते, हे उल्रिख झीगले या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले. एका पक्षाला शहराच्या संगीताचे नेतृत्व करणारा नामवंत संगीतकार हवा होता. दुसऱ्याला शाळेत शिकवणारा पारंपरिक कॅन्टर हवा होता. टेलेमानला लॅटिन शिकवण्यातून सूट देण्याची तयारी परिषदेने दाखवली होती. बाखने मात्र ती जबाबदारी स्वीकारली. म्हणजे वादाचा विषय पदाचे स्वरूप हा होता. कोणाची रचना श्रेष्ठ, या अर्थाने बाख आणि टेलेमान यांची तुलना तेथे झालीच नाही. ती तुलना नंतरच्या वाचकांनी इतिवृत्तात वाचली.

खुद्द बाखच्या वर्तनातही या प्रतिस्पर्धेचा मागमूस आढळत नाही. १७०९ च्या सुमारास त्याने टेलेमानच्या दोन व्हायोलिनांसाठीच्या कॉन्चेर्तोची नक्कल स्वहस्ते उतरून घेतली. टेलेमानचा आणखी एक कॉन्चेर्तो त्याने कळफलकाच्या वाद्यासाठी रूपांतरित केला. १७१४ मध्ये जन्मलेल्या कार्ल फिलिप इमान्युएल या त्याच्या मुलाचा धर्मपिता टेलेमान होता. मुलाच्या नावातील ‘फिलिप’ त्याच्यावरूनच आले आहे. विद्यार्थिदशेत १७०२ मध्ये टेलेमानने लाइप्झिग येथे उभारलेल्या ‘कलेजियम म्युझिकम’ या वादकमंडळाचे नेतृत्व १७२९ मध्ये बाखकडे आले. १७३८ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या टेलेमानच्या चतुर्वाद्य रचनांच्या वर्गणीदारांत लाइप्झिगच्या बाखचे नाव आहे. समकालीन अभिरुचीला दोष द्यायचा तर त्या दोषात बाखलाही सहभागी करून घ्यावे लागेल.

३

टेलेमानची लोकप्रियता कोणत्या स्वरूपाची होती, हे समजून घेणे येथे आवश्यक ठरते. १७२१ पासून मृत्यूपर्यंत तो हांबुर्गचा संगीतसंचालक होता. रविवारच्या उपासनेसाठी कँटाटा, नागरी समारंभांसाठी संगीत आणि ख्रिस्ताच्या यातनाकथेवरील दरवर्षीची ‘पॅशन’ ही त्याची नेमून दिलेली कामे होती. १७२२ ते १७६७ या काळात त्याने अशी ४६ पॅशन-संगीते सादर केली. १७२२ ते १७३८ या अवधीत शहराच्या ऑपेरागृहाची धुराही त्याच्याकडे होती. त्याच्या एकूण रचनांची संख्या ३००० हून अधिक आहे. ही विपुलता वैयक्तिक प्रकृतीचा भाग असेल. परंतु मुळात ती त्या व्यवस्थेची मागणी होती. या व्यवस्थेत संगीत एखाद्या प्रसंगासाठी घडत असे आणि प्रसंग संपला की त्याची जागा नव्या संगीताने घ्यावी अशी अपेक्षा असे. बाखनेही लाइप्झिगच्या पहिल्या वर्षांत जवळजवळ दर आठवड्याला एक कँटाटा सिद्ध केला, तो याच अपेक्षेपोटी.

टेलेमानचे वेगळेपण त्याच्या प्रकाशनव्यवहारात दिसते. तो स्वतःच्या रचनांचा प्रकाशक होता आणि अनेकदा छपाईचे धातूचे पत्रेही स्वहस्ते कोरत असे. १७२५–२६ मध्ये त्याने घरगुती उपासनेसाठी अल्प वाद्यमेळाच्या ७२ कँटाटांचा संग्रह काढला. १७२८–२९ मध्ये त्याने एक संगीत-नियतकालिक चालवले. त्यात एखादी रचना एका अंकात अर्धवट सोडून पुढील अंकात पूर्ण केली जाई, आणि वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत असे. १७३३ मधील ‘म्युझिक द ताब्ल’ या संग्रहासाठी २०६ वर्गणीदारांनी आगाऊ नोंदणी केली. त्यांत परदेशस्थांची संख्या लक्षणीय होती आणि लंडनच्या हँडेलचा समावेश होता. जो पुष्कळांच्या उपयोगी पडू शकतो तो मोजक्यांसाठी लिहिणाऱ्यापेक्षा चांगले काम करतो, अशी भूमिका त्याने स्वतः मांडली होती.

या भूमिकेला सौंदर्यविचाराचे पाठबळ होते. सुगमता, गेयता आणि निरनिराळ्या देशांच्या शैलींचा मेळ ही त्या पिढीची मूल्ये होती. फ्रेंच व इटालियन शैली टेलेमानने आत्मसात केल्याच होत्या. सोराऊच्या दरबारी असताना ऐकलेले पोलिश लोकसंगीतही त्याने आपल्या रचनेत मुरवले. योहान माट्टेझोनने त्याची गणना कोरेल्ली आणि ल्युली यांच्याही वर केली. योहान गॉटफ्रीड वाल्टर हा बाखचा नातेवाईक. तरी १७३२ च्या त्याच्या संगीतकोशात टेलेमानवरील नोंद बाखवरील नोंदीपेक्षा बरीच मोठी आहे. १७३७ मध्ये योहान आडोल्फ शायबे याने बाखच्या संगीतावर टीका केली. अतिरिक्त कलाकुसरीमुळे त्यातील नैसर्गिक सौंदर्य झाकोळते, असा त्याचा आक्षेप होता. ही टीका अज्ञानातून आलेली नव्हती. शायबेला बाखचे सामर्थ्य दिसत होते आणि तो त्याचे वादनकौशल्य मान्यही करत होता; पण ते सामर्थ्य ज्या दिशेने वापरले जात होते ती दिशा त्याला त्याज्य वाटत होती.

येथे हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ च्या सुमारास साहित्येतिहासासाठी मांडलेली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना उपयोगी पडते. कोणतीही कृती पूर्वपरिचित रूपबंधांनी आणि संकेतांनी घडवलेल्या अपेक्षांच्या पार्श्वभूमीवर ग्रहण केली जाते, असे याउस म्हणतो. याउसच्या विवेचनात मात्र क्षितिज मोडणाऱ्या कृतीला श्रेष्ठत्व देण्याकडे कल आहे. ज्या कृतीमुळे अपेक्षाभंग होत नाही ती करमणुकीच्या जवळ जाते असे तो मानतो. हा निकष लावला तर टेलेमानचा निकाल आधीच ठरून जातो. परंतु क्षितिज घडवणे हेही एक कार्य आहे. १७३० च्या सुमारास हौशी वादकाच्या ज्या अपेक्षा होत्या, त्यांपैकी कित्येक टेलेमाननेच निर्माण केल्या होत्या. नंतरच्या पिढ्यांना ते क्षितिज आयते मिळाले, त्यामुळे ते कोणी घडवले याचा त्यांना विसर पडला.

४

टेलेमानच्या कीर्तीला उतरती कळा लागली ती त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत. १७७० मध्ये हांबुर्गचा क्रिस्टोफ डानिएल एबेलिंग त्याची प्रशंसा करतानाच त्याच्या अतिलेखनाविषयी नापसंतीही व्यक्त करतो. एबेलिंगच्या लेखनात हा शेरा ओघात आला आहे. पुढील कोशकारांनी आणि इतिहासकारांनी तो उचलला आणि प्रशंसा गाळली. टेलेमान आठ स्वरपंक्तींची चर्चरचना एखाद्याने पत्र लिहावे तितक्या सहज लिहू शकतो, असे हँडेल म्हणाल्याचे सांगितले जाते. मूळ संदर्भात हा एका कारागिराने दुसऱ्याच्या प्रभुत्वाला दिलेला मान आहे. शंभर वर्षांनी तेच विधान दोषारोप म्हणून वाचले जाऊ लागले. विधानातील शब्द तेच राहिले. ‘सहज’ या शब्दाचे मूल्य मात्र मधल्या काळात उलटले होते.

ते उलटण्याची कारणे संगीतापुरती मर्यादित नव्हती. कांटच्या १७९० च्या ग्रंथात प्रतिभेचे लक्षण मौलिकता हे मानले गेले. कलावंत अंतःस्थ निकडीतून निर्माण करतो, बाह्य मागणीवरून निर्माण होणारी वस्तू ही कारागिरी होय, हा भेद स्वच्छंदतावादाने रुजवला. लिडिया गेर हिने १९९२ च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, ‘संगीतकृती’ ही पूर्ण, स्वायत्त, पुन्हापुन्हा सादर होणारी वस्तू असते ही कल्पना १८०० च्या आसपास संगीतव्यवहाराची नियामक बनली. गेरच्या या कालनिर्णयावर वाद झाले आहेत. त्यातील मूळ मुद्दा मात्र प्रस्तुत प्रकरणात स्पष्ट दिसतो. प्रसंगासाठी आणि वादकासाठी लिहिणाऱ्याला ‘कृती’च्या मापाने मोजले की तो उणा ठरणार हे उघड आहे. बाखनेही प्रसंगांसाठीच लिहिले. पण त्याच्या उत्तरकालीन ग्रंथरूप रचना या नव्या मापात चपखल बसल्या.

याला राष्ट्रीय भावनेची जोड मिळाली. १८०२ मध्ये योहान निकोलाउस फोर्केलने बाखचे चरित्र प्रसिद्ध केले आणि ते शीर्षकातच देशभक्त रसिकांना उद्देशून असल्याचे सांगितले. बाखचा वारसा ही राष्ट्राची संपत्ती आहे, अशी त्याची मांडणी होती. मार्च १८२९ मध्ये मेंडेल्सझोनने बर्लिन येथे बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ पुन्हा सादर केले. १८५० मध्ये, बाखच्या मृत्यूच्या शताब्दीच्या वर्षी, त्याच्या समग्र रचना प्रसिद्ध करण्यासाठी संस्था स्थापन झाली आणि शतकाच्या अखेरीपर्यंत तिने ४६ खंड पूर्ण केले. ज्या टेलेमानने फ्रेंच, इटालियन व पोलिश शैलींचा मेळ हे आपले भूषण मानले होते, त्याला या राष्ट्रीय मांडणीत मानाचे स्थान मिळणे कठीण होते.

तथापि या कारणांइतकेच महत्त्वाचे, परंतु कमी चर्चिले गेलेले एक कारण छापील संहितेच्या स्वरूपात आहे. बाखची ‘कला फ्यूगची’ ही रचना त्याच्या मृत्यूनंतर १७५१ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक स्वरपंक्ती स्वतंत्र ओळीवर, एकाखाली एक मांडलेली आहे. वाद्य हाती न घेताही अभ्यासकाला ती डोळ्यांनी वाचता येते आणि स्वरपंक्तींचे परस्परसंबंध तपासता येतात. १७५६ मध्ये बाखच्या मुलाने तिचे पत्रे विक्रीला काढले, तेव्हा जेमतेम ३० प्रती खपल्या होत्या. उलट टेलेमानची ‘म्युझिक द ताब्ल’ ही २०६ वर्गणीदारांच्या हाती गेली ती सुट्या भागांच्या रूपाने. व्हायोलिनवादकाचा भाग वेगळा, बासरीवादकाचा वेगळा, तळस्वरांचा वेगळा. या संहितेत रचना एकत्रित अशी कोठेच नाही. चार-पाच जण एका खोलीत बसून वाजवू लागतील तेव्हाच ती अस्तित्वात येते.

वादकांच्या समाजासाठी सुटे भाग ही सोय होती. तो समाज पांगल्यावर आणि अभिरुची बदलल्यावर त्याच सोयीची अडचण झाली. एकोणिसाव्या शतकातील संगीतेतिहासकार हा मुख्यतः वाचक होता. समग्र खंडांतील एकत्रित स्वरलिपी हे त्याच्या अभ्यासाचे साधन होते. बाखची कृती त्याच्यासमोर वाचनीय रूपात उभी होती. टेलेमानची कृती ग्रंथालयांत सुट्या भागांत आणि हस्तलिखितांत विखुरलेली होती. तिच्याविषयीचे मत त्यामुळे पूर्वसूरींच्या मतांवर विसंबून बनत गेले. कमी वाचला गेलेला कलावंत या रीतीने वाचण्यास अपात्र ठरला.

५

मत अशा रीतीने बनत होते याचा अत्यंत बोलका पुरावा बाखच्या समग्र आवृत्तीतच सापडतो. त्या आवृत्तीत बाखच्या नावावर छापलेले काही कँटाटा वस्तुतः टेलेमानचे आहेत, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध केले. विसाव्या शतकातील बाख-सूचीत १४१ आणि १६० हे क्रमांक मिळालेल्या रचना त्यांपैकी होत. फिलिप स्पिट्टा याचे बाख-चरित्र (१८७३ व १८८०) आणि त्यानंतर आल्बर्ट श्वाइत्झरचा ग्रंथ हे बाख-समीक्षेचे आधारस्तंभ मानले जातात. या दोघांनीही टेलेमानच्या कँटाटांना कमी लेखले आणि बाखच्या समजल्या गेलेल्या टेलेमानच्या रचनांची मात्र वाखाणणी केली.

या प्रसंगाकडे गमतीदार चूक म्हणून पाहणे सोपे आहे. स्पिट्टा आणि श्वाइत्झर हे अजाण वाचक नव्हते. त्यांची विद्वत्ता वादातीत आहे. त्यामुळेच प्रश्न अधिक गंभीर होतो. तेच स्वर, तीच शब्दयोजना, तीच रचना. वरचे नाव पालटताच मूल्यही पालटते. आपण कृतीच्या अंतर्गत गुणांचे वर्णन करीत आहोत अशी समीक्षकाची प्रामाणिक समजूत असते. प्रत्यक्षात नावाने जागवलेली अपेक्षा त्याच्या वाचनाला दिशा देत असते. बाखच्या नावाखाली साधेपणा हा संयम ठरतो, टेलेमानच्या नावाखाली तोच साधेपणा दारिद्र्य ठरतो. साहित्यसमीक्षेत कर्तृत्वाच्या वादांच्या निमित्ताने हा अनुभव येतच असतो. संगीतात अर्थाचा आधार कमी असल्यामुळे तो अधिक उघडपणे येतो, इतकेच.

यावरून सर्व मूल्ये सापेक्ष आहेत आणि बाखचे मोठेपण ही केवळ नावाची जादू आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. बाखच्या प्रौढ रचनांतील स्वरपंक्तींची वीण, दीर्घ घटनेवरील त्याची पकड आणि एका बीजातून संपूर्ण रचना उलगडण्याची त्याची क्षमता टेलेमानच्या ठायी त्या प्रमाणात आढळत नाही. टेलेमान त्या दिशेने गेलाच नाही. शिवाय बाख मृत्यूनंतर पूर्णपणे विस्मृतीत गेला होता हेही खरे नाही. जाणकारांच्या वर्तुळात त्याच्या कळफलक-रचनांच्या हस्तलिखित प्रती फिरत होत्या, आणि १७८२ मध्ये व्हिएन्ना येथे मोझार्टने त्या अभ्यासल्या. लोकमान्यता आणि जाणकारांची मान्यता हे दोन प्रवाह बाखच्या हयातीतही वेगळे वाहत होते. एकोणिसाव्या शतकाने त्यांतील दुसऱ्या प्रवाहाला एकमेव प्रमाण मानले. अन्याय झाला तो बाखला वर नेण्यात नव्हे. त्याला वर नेण्यासाठी टेलेमानला खाली उभे करण्याची जी गरज भासली, तिच्यात तो आहे. एकाचे माहात्म्य सांगताना दुसऱ्याचा उपयोग पार्श्वभूमीसारखा केला की त्या दुसऱ्याच्या कृती वाचण्याचे प्रयोजनच उरत नाही.

६

विसाव्या शतकात टेलेमानचे पुनर्मूल्यमापन सुरू झाले. १९०७ मध्ये माक्स श्नायडरने ‘अंतिम निवाड्याचा दिवस’ (१७६२) हे ऑरेटोरिओ आणि ‘इनो’ (१७६५) हा कँटाटा या उत्तरवयातील दोन रचना संपादित करून प्रसिद्ध केल्या. ‘इनो’ लिहिताना टेलेमान चौऱ्याऐंशी वर्षांचा होता, आणि तिची शैली बाखपेक्षा पुढच्या पिढीच्या नाट्यमय संगीताला अधिक जवळची आहे. भारतीय वाचकांना गांधी आणि विवेकानंद यांचा चरित्रकार म्हणून परिचित असलेल्या रोमँ रोलाँ याने १९१९ मधील आपल्या ग्रंथात या विस्मृत संगीतकारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. १९२७ मध्ये ‘म्युझिक द ताब्ल’ एकत्रित स्वरलिपीत उपलब्ध झाली. १९५० पासून निवडक रचनांची संशोधित आवृत्ती निघू लागली. शतकाच्या अखेरीपर्यंत वाद्यसंगीत आणि कंठसंगीत यांच्या स्वतंत्र सूची तयार झाल्या, आणि एवढ्या विपुल निर्मितीचा नकाशा प्रथमच अभ्यासकांच्या हाती आला.

या पुनरागमनात विद्वानांइतकाच, किंबहुना आधी, वाटा वादकांचा होता. दोन महायुद्धांच्या दरम्यान जर्मनीत युवक-संगीत चळवळ आणि रेकॉर्डर या जुन्या बासरीचे पुनरुज्जीवन यांमुळे घरी एकत्र बसून वाजवण्याची प्रथा पुन्हा फोफावली. अशा मंडळींना पेलवेल, हाताला सुखद वाटेल आणि तरी सपक नसेल असे संगीत हवे होते. ते त्यांना टेलेमानकडे सापडले. पुढे प्राचीन वाद्यांवर मूळ पद्धतीने वादन करणाऱ्या पिढीने त्याच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. वाचकांच्या शतकात हरवलेला संगीतकार वादकांच्या हाती पडताच पुन्हा ओळखू येऊ लागला.

म्हणून या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष, काळ न्याय करतो हा नाही आणि काळ अन्याय करतो हाही नाही. काळापुढे जी संहिता ज्या रूपात पोहोचते आणि तिच्याकडून जे मागितले जाते, त्यावर निर्णय अवलंबून असतो. हयातीतील लोकमान्यता हाही एक पुरावा आहे. कृती कोणासाठी होती आणि तिने काय साधले, याची साक्ष त्यात असते. ती नाकारून केवळ उत्तरकालीन मतावर भिस्त ठेवणारा समीक्षक निम्मी कागदपत्रे न उघडताच निर्णय लिहीत असतो. विपुल लिहिणारा उथळच असणार आणि पुष्कळांना आवडलेले हलकेच असणार, ही गृहीतके साहित्याच्या इतिहासातही तितकीच दृढ आहेत. त्यांच्यामुळे न वाचताच निकालात निघालेल्या लेखकांची यादी करायची झाली, तर ती बरीच लांबेल.